चुरम्याचा तिसरा भाग

ह्यांची नडगी मोडली त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसूनच मी महादेवाला बोलले होते, "हाड जुळेपर्यंत दर सोमवारी तुला चुरमा." नवस मनापासूनचा होता. त्यात मी जो घोळ घातला तो सांगताना अजून जीभ जड होते. पण तुम्ही आपल्याच, म्हणून सांगते.

आम्ही शहाद्याजवळच्या कळसाडीचे. उसाला पाणी देताना ह्यांचा पाय चारीत घसरला. डायबेटीस आधीचाच. प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "साखर वाढली तर हाड लवकर जुळायचं नाही. गोड बंद."

घरी आल्याआल्या मी साखरेचा डबा कपाटात कुलूपबंद केला. चहा बिनसाखरेचा, केळी शेजारणीकडे. माझ्याइतकी कडक नर्स अख्ख्या शहाद्यात नसेल.

सोमवारी चुरमा केला. गव्हाची जाड पोळी कुस्करून त्यात तूप आणि गूळ. त्याचे तीन भाग करायचे. एक देवाला, एक गाईला, तिसरा व्रत करणारीने खायचा. पण नवस तर ह्यांच्या पायाचा, म्हणून तिसरा भाग मी ह्यांच्यापुढे ठेवला.

"गूळ शे त्यामा," हे म्हणाले.

"परसाद शे. परसादवर साखर वाढस का कधी? खाई ल्या."

खाल्ला बिचाऱ्यांनी.

महिन्याने तपासलं तर साखर वाढलेली, हाड तसंच. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. मला वाटलं, आपला नवस कमी पडला. मी चुरमा रोज करू लागले. पुढच्या खेपेला त्यांनी इन्सुलिन वाढवलं, मी गूळ वाढवला. दोघंही एकाच पायामागे लागलो होतो ना?

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. मोडल्या जागी काळी रेघ तशीच होती.

"ऑपरेशन करावं लागेल. पण एवढ्या साखरेत जखम चिघळली, तर पाय वाचेलच असं मी सांगू शकत नाही."

हे प्लास्टरवरून हात फिरवत राहिले.

"घरी गोड काय खातात?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"काहीच नाही. साखरेच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते." आणि मी पिशवीतून डबा काढून पुढे केला. "तुम्ही पण प्रसाद घ्या, डॉक्टर. ह्यांच्या पायासाठी रोज करते."

त्यांनी झाकण उघडून पाहिलं. "हे रोज खातात?"

"वाटीभर. एक दिवस चुकला नाही."

डॉक्टर हसले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात परत दिला. "ताई, हाड का जुळत नाही ते मी दोन महिने शोधतोय. तुम्ही डब्यात घेऊन आलात."

"मी तुले पहिलेच सांगं व्हतं," हे हळूच म्हणाले.

साखर उतरली तेव्हा पायात सळई घातली. हाड जुळलं, देवाची कृपा. काठी मात्र कायमची राहिली. ती ओट्यावर टकटकली की मला तो डबा आठवतो. तिसरा भाग व्रत करणारीचा, हा नियम देवाने बरोबरच घातला होता. त्यात शहाणपण केलं ते मी.

आता मी दुसरा नवस बोलले आहे, आणि तुम्हीही बोला. घरात कोणाला डायबेटीस असेल, तर तोंडात जाईल ते सगळं डॉक्टरांना सांगायचं. प्रसाद आधी सांगायचा.