उन्हाकडची ताटी

रफिकभाई गेल्याचं कळलं ते भर दुपारी. भिंतीपलीकडून त्यांच्या बायकोनं, शमीमबाईंनी हाक मारली, "भाऊ, इकडे या जरा." एवढंच. आवाज अगदी साधा होता, म्हणूनच मी चपला न घालता धावलो. तळपाय भाजल्याचं नंतर लक्षात आलं.

त्याला आता काही आठवडे झाले. भद्रावतीत ज्यांच्या खिडकीला कूलर आहे, त्यांतल्या बऱ्याच जणांना रफिकभाई आठवतील. होळी जवळ आली की हा माणूस लोकांच्या सज्ज्यांवरच राहायला जायचा. कूलरच्या तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या बांधायच्या, पंपाचं पाणी त्यांवर सारखं झिरपतंय का ते बघायचं. माझा कूलर मात्र दरवर्षी सगळ्यात शेवटी. शेजारी असण्याची शिक्षा, दुसरं काय.

बायपासचं ठरलं तेव्हा नागपूरला मी सोबत होतो. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. शस्त्रक्रियेत हृदय थांबवून थंड ठेवतात. डाव्या बाजूची चिंता नव्हती, भीती उजवीची होती. तिची नस आधीच बंद पडलेली, त्यामुळे थंड ठेवणारं औषध तिथवर नीट पोचत नाही. शिवाय छाती उघडली की तीच बाजू वर, दिव्यांखाली येते आणि लवकर कोमट होते. तिला वेगळं जपू, वरून बर्फाचं पाणी देऊ, असं ते म्हणाले. रफिकभाई नुसते मान डोलावत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "समजलं मले. उन्हाकडची ताटी आहे ते. पंप कितीबी चालवा, तेच आधी सुकते. तिले हातानंच पाणी मारा लागते."

डॉक्टरांनी जपण्यात कसर ठेवली नाही. नव्या नसा छान चालल्या. पण उजवी बाजू आधीच थकली होती, ती थकलेलीच राहिली. पाय सुजायचे, पोटात पाणी साचायचं. मग पिण्याच्या पाण्यावर बंधन आलं. दिवसभराला एक बाटली, तीही लहान. आणि आमच्याकडचा उन्हाळा!

दोन उन्हाळे ते समोरच्या खोलीत अडकून पडले. खिडकीत त्यांनीच बांधलेला कूलर. दिवसभर पाण्याचा आवाज, वाळ्याचा वास, आणि मालकाच्या जिभेला कोरड. बहुतेक दुपारी शमीमबाई शिवणकामाला जायच्या, तेव्हा बाटली माझ्या ताब्यात असायची. मला त्या बाटलीचा राग यायचा, डॉक्टरांचा यायचा, उन्हाचा तर विचारूच नका. त्यांच्यासमोर मला घोटभरही पाणी जात नसे. त्यांनी ते ओळखलं. "काऊन तोंड सुकवून राह्यले भाऊ? घरी जाऊन पिऊन या. मी काय बाटली घेऊन पळून राह्यलो?" पळणार कुठे होते... दारापर्यंत गेले तरी धाप लागायची.

सकाळच्या बाटलीतलं थोडं पाणी ते संध्याकाळच्या अजानसाठी राखून ठेवायचे. रमजान असो वा नसो. "रोजा सांजच्याले सुटते भाऊ," एकदा म्हणाले, "याचा सुटाचा टाइम कोनी सांगतच नाई."

ते गेले त्या दुपारी बाटलीत तेवढं पाणी तसंच होतं.

परवा शमीमबाई ती बाटली घेऊन आल्या. "फेकवत नाई, पिववत नाई. तुमच्या कूलरात टाका." त्या गेल्यावर मी सज्ज्यावर गेलो. टाकीत ओतवेना. उन्हाकडच्या ताटीवर हातानं शिंपडलं, ते शिंपडायचे तसं. पाणी ते केवढं... निम्मी ताटीसुद्धा भिजली नाही. ती सुकेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो. फार वेळ लागला नाही.