आठवं पाऊल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एकोणीस वर्षं झाली, आता तुम्हांला सांगतो.

आमच्या कामरगावला दिवाळीत दंडार निघे — गाणं, ढोलकी आणि गोल धरून नाचणारे सोळा गडी. सगळ्यांत पुढे गणपत, माझा मित्र. त्याच्या मागे मी. सहा वर्षं त्याच्या पाठीकडे बघत नाचलो. ते मला सलत होतं — कशाला लपवू?

गाण्याची चाल मी ठरवायचो, कारण पावलं मला मोजता येत. नेहमीची चाल सात पावलांची. सातव्या पावलावर खाली बसून गिरकी घ्यायची. सात विषम, म्हणून गिरकी एका खेपेला डाव्या पायावर येई, पुढच्या खेपेला उजव्या. त्या वर्षी गणपत बैलगाडीवरून पडला, उजवा गुडघा दुखावला. तरी तो नाचे. उजवी खेप कशीबशी काढायची, डाव्या खेपेला दम घ्यायचा. हे कोणाच्या ध्यानात आलं होतं? फक्त माझ्या.

मग कारंजाला कापूस घेऊन गेलो, तेव्हा एका दुकानात तबकडीवर नवी चाल ऐकली. गोड होती — ते खोटं नाही. पण मी तिथेच उभा राहून ती बोटांवर मोजली. आठ. म्हणजे सुरुवात डाव्या पायाने केली की आठवं पाऊल दर खेपेला उजवं. मी दोनदा मोजली.

गावात म्हणालो, ढोलकीवाल्याला सोपी जाईल. सगळ्यांना आवडली. तालमीच्या तिसऱ्या दिवशी गणपत गिरकीला बसला तो उठेना. गुडघा चोळत हसला.

"चाल झकास हाये गड्या. माया गुडघ्यालेच समजून नाही राह्यली."

मग पायांतली घुंगरं सोडून माझ्या हातात दिली. "आता पुढं तूच राह्य."

मी ती वाकून बांधली.

अकरा वर्षं मी पुढे नाचलो. तो कडेला बसून झांज वाजवी, माझी गिरकी चुकली की नजरेनं सांगे. लोक विचारत, गणपतनं काहून सोडलं? मी म्हणे, वय झालं. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा.

लिहायला बसलो तेव्हा हात जड होता. आता नाही. उद्या सकाळी हे कागद त्याच्याकडे नेणार. त्याला वाचता येत नाही, तेव्हा मीच वाचीन — दोनदा मोजलं, तेही.