बर्फाची सुट्टी

आज सकाळी रेडिओवर बर्फामुळे बंद असलेल्या शाळांची नावं सांगत होते. अमेरिकेतल्या आमच्या पहिल्या गावाचं, ट्रॉयचं नाव आलं आणि चहा ढवळणारा माझा हात थांबला.

तिथला आमचा पहिला हिवाळा. अशी नावं रेडिओवर सांगतात, हे आम्हाला कुठे माहीत? साडीवर बाबांचा ओव्हरकोट चढवून आई मला बस स्टॉपवर घेऊन आली. सगळं पांढरं, निःशब्द. समोरच्या आजीबाईंनी दार उघडून हाक मारली, “नो स्कूल टुडे, हनी!”

“काय म्हणतायत?” आईने विचारलं.

“आज शाळेला सुट्टी आहे.”

पुण्यात अशी अचानक सुट्टी मोठा पुढारी वारला की मिळायची. आईचा चेहरा उतरला. “अगंबाई! कोण गेलं?”

“कोणी नाही गं. बर्फ पडलाय म्हणून.”

आई पोट धरून हसायला लागली. पुणं सोडल्यापासून ती अशी हसलीच नव्हती. हसू ओसरल्यावरही ती हलेना.

“थांब ना जरा, इथे बरं वाटतंय.”

माझे पाय गारठले होते. मी तिला ओढत घरी नेलं. आज तिला हवा तितका वेळ उभं राहू दिलं असतं.