सातावर आठवं पोतं नाही

पोतं जमिनीवर आदळल्याचा आवाज आक्काला सोसत नसे. गोदामाच्या कुठल्याही कोपऱ्यात असो, धप्प असं ऐकू आलं की तिचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडे जायचा आणि तोंडातून एकच शब्द निघायचा, "हळू." ती कधी ओरडून म्हणाली नाही. जेवताना घास हातात धरून म्हणायची, फोनवर सोयरिकीचं बोलता बोलता मध्येच म्हणायची. पलीकडच्या माणसाला वाटायचं, आपल्यालाच सांगतेय. गावात तिला मागून 'हळू आक्का' म्हणत आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मी लातूरची. वडिलांची मार्केट यार्डात आडत. पोती पडल्याचा धप्प हा आवाज आमच्या घरची बरकत होती. तो बराच वेळ ऐकू आला नाही की वडील गादीवरून उठून बाहेर बघायचे. मी शेतीची पदवी घेतली, पुण्याला जाऊन वर व्यवस्थापनाचीही घेतली आणि निलंगा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मॅनेजर म्हणून आले. कंपनी म्हणजे तीनेकशे शेतकरी सभासद, एक पत्र्याचं गोदाम, एक चाळणी यंत्र आणि सोयाबीनचं बियाणं तयार करून विकायचा धंदा. पहिल्याच दिवशी मी गोदामात गेले, वही उघडली आणि जवळच्या पोत्यावर ऐसपैस बसले.

पन्नाशीची एक बाई समोर येऊन उभी राहिली. कपाळावर विभूतीची तीन बोटं, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"उठा मॅडम. खुर्ची आणते."

"राहू दे हो, मला सवय आहे. आमची आडत आहे लातूरला."

"तुमच्या आडतीत धान्य ऱ्हातंय. हे बी हाय. जितं हाय ते."

मी उठले खरी, पण मनातून मला हसूच आलं. जन्मापासून सोयाबीन बघत आलेल्या मुलीला ही बाई सोयाबीन शिकवायला निघाली होती. दोघींपैकी अडाणी कोण, हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

आक्का गोदामाची राखणदार होती. स्वतःची सहा एकर जमीन कसून वर हे काम करायची. तिचा नवरा निलंगा-किल्लारी रस्त्यावर जीप चालवायचा आणि आक्काच्या नात्याने अख्खा तालुका त्याला 'दाजी' म्हणायचा. बियाण्याचे नमुने कधी त्याच्या जीपमधून पाठवले, तर आक्का प्रत्येक खड्ड्याचा पत्ता सांगून त्याला हळू जायला लावायची. मग किल्लारीचे प्रवासी ताटकळत बसायचे आणि दाजी त्यांना सांगायचा, "बी बसलंय पुढच्या सीटावर, घाई करता येत न्हाई."

यामागचं कारण साधं होतं. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ. पोतं उंचावरून पडलं किंवा त्यावर फार वजन आलं, तर दाणा बाहेरून होता तसाच दिसतो, पण आतला कोंब दुखावतो. असा दाणा तेलाला चालतो, पेरायला चालत नाही. मी हे पुस्तकात वाचलं होतं. आक्काने ते एका जूनमध्ये स्वतःच्या रानात पाहिलं होतं. विकतच्या बियाण्याची महाग पोती पेरून निम्मं रान काळंच राहिलं होतं. तेव्हापासून तिचा नियम होता, थप्पी सात थरांची. सातावर आठवं पोतं नाही, आणि थप्पीवर कुणी पाय द्यायचा नाही.

तिने हमालांचं जे केलं, ते मला व्यवस्थापनाच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. सगळीकडे हमाली पोत्यामागे मिळते. जितकी पोती जास्त, तितकी मजुरी जास्त. म्हणून हमाल पोतं खांद्यावरून सोडून देतो आणि पुढच्याकडे पळतो. आक्काने संचालकांच्या बैठकीत जाऊन सांगितलं की गोदामातल्या चौघांना रोजाने लावा. चेअरमन उखडले. "रोजानं लावलं तर बसून खातील की आक्का."

"बसू द्या. बसल्यालं मानूस पोतं फेकत न्हाई."

चेअरमन तसा भला माणूस, पण आमच्या सगळ्याच संचालकांची एक पंचाईत होती. सभासद म्हणून माल आणताना त्यांना भाव जास्त हवा असायचा आणि संचालक म्हणून खुर्चीत बसलं की तोच भाव जड व्हायचा. खर्च वर्षभर, विक्री मात्र पेरणीआधीच्या महिना-दीड महिन्यात. त्यात बाजारात मोठ्या कंपन्यांची रंगीत पिशवी. तेव्हा कुठेही चार पैसे वाचले की त्यांना हायसं वाटायचं. तरी रोजंदारी सुरू झाली. हमालांचा मुकादम रसूलभाई सुरुवातीला चेष्टा करायचा, "आक्का, पोत्याला अंगाईबी म्हनू का?" महिन्याभरात तोच नव्या माणसाला पोतं कसं टेकवायचं ते दाखवू लागला. आधी गुडघा वाकवायचा, मग खांदा, मग पोतं.

आक्काचं खरं वजन होतं ते गोदामाच्या लोखंडी दारात. दर थप्पीतून ती शंभर दाणे काढायची, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायची, वरून दुसरं गोणपाट घालून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. सातव्या दिवशी गुंडाळी उघडून कोंब मोजायचे आणि आकडा खडूने दारावर लिहायचा. प्रयोगशाळेचा दाखला आम्ही घेतच होतो, पिशवीवर तो छापतही होतो. पण शेतकरी यायचा, पिशवी हातात न घेता आधी दार वाचायचा आणि मग म्हणायचा, "द्या चार बॅगा."

दुसऱ्या हंगामात आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. लेक पुण्याला होती, ती तिला महिन्यासाठी घेऊन गेली. जाताना आक्काने किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "सात," एवढंच म्हणाली.

नेमका त्या वर्षी माल धो धो आला. एक गोदाम पुरेना. दुसरं गोदाम भाड्याने घ्यायचं तर आमच्यासारख्या कंपनीला ते अंगावर येणारं होतं. मी आडत्याची मुलगी. लातूरला छताला टेकलेल्या थप्प्या बघत वाढलेली. मी बारा थर लावले. ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत गेली तेव्हा हमालांना पुन्हा पोत्यामागे मजुरी दिली. रसूलभाई एकदा म्हणाला, "मॅडम, आक्काला पसंद पडनार न्हाई." मी म्हटलं, जिम्मा माझा. आठ दिवसांत सगळा माल आत गेला. बैठकीत चेअरमननी टाळ्या वाजवायला लावल्या आणि मला एक पेन भेट दिलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, हे मान्य करायला हवं.

आक्का परतली ती काळा चष्मा लावून. दारात थांबली, चष्मा काढला आणि थप्प्यांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं, बोलेल. तिने फक्त रसूलभाईला शिडी आणायला सांगितली. वरच्या थरांतून शंभर दाणे काढले, खालच्या थरांतून शंभर काढले आणि दोन वेगळ्या गुंडाळ्या केल्या. सात दिवस ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलत होती. त्या सात दिवसांत मला जेवण गेलं नाही.

सातव्या दिवशी चेअरमन आणि दोन संचालक आले. वरच्या गुंडाळीत ब्याऐंशी कोंब. खालच्या गुंडाळीत आक्काने दोनदा मोजले, मग मला मोजायला लावले. साठ. सत्तरच्या खाली बियाणं म्हणून विकता येत नाही. जवळजवळ निम्मा माल गेला होता. औसा, उदगीरच्या दुकानदारांना शब्द देऊन झाला होता आणि बँकेला दाखवायचा होता तो याच हंगामाचा धंदा.

डोकं चालवायची सवय वाईट. मीच पहिल्यांदा बोलले. "दोन्ही माल एकत्र केले तर सरासरी एकाहत्तर येते. नियमात बसतं."

चेअरमनचा चेहरा उजळला. "झालं तर मग. आक्का, तुमी फकस्त दारावर एकाहत्तर लिवा."

आक्काने गोणपाटावरचा एक दाणा उचलला. फुगला होता, पण कोंब नव्हता. "आता डिसेंबर चालू हाय. उन्हाळा कुठं गेलाय अजून? ह्या पत्र्याखाली मार्च, एप्रिल, मे. जूनला किती ऱ्हातील, मॅडम?"

मला उत्तर ठाऊक होतं. दुखावलेलं बियाणं उन्हाळ्यात झपाट्याने मरतं. जूनमध्ये ते पन्नासही राहिलं नसतं, आणि ते पेरणारे हेच तीनशे सभासद होते, दार वाचून पिशवी उचलणारे.

आक्काने पदराच्या गाठीतून खडू काढला आणि माझ्यापुढे धरला. "थप्पी तुमी लावली. आकडा तुमीच लिवा. काय लिवायचं ते तुमाला मालूम."

मी दाराशी गेले. विकलं नाही तर माझी नोकरी टिकणं कठीण होतं, वडील वर्षभर 'घरी ये' म्हणून मागे लागलेच होते. मी लिहिलं: वरचे थर ब्याऐंशी. खालचे थर साठ. आणि त्याखाली लिहिलं, 'पेरू नये.'

आक्काने वाचलं, मान हलवली. "अक्षर बरं हाय तुझं," म्हणाली. त्या दिवसापासून मी 'मॅडम' राहिले नाही. मीही तिला 'अगं आक्का' म्हणू लागले.

खालचा सगळा माल तेलाच्या भावाने विकावा लागला, तोही माझ्याच वडिलांच्या आडतीत. ट्रक आला, हमाल पोती खाली टाकू लागले. धप्प, धप्प. लहानपणापासून ऐकलेला तो आवाज, पण माझा हात आपोआप गळ्याकडे गेला आणि तोंडातून निघून गेलं, "हळू." हमाल हसायला लागले. वडील गादीवरून उठून माझ्याकडे बघत राहिले. "तब्येत बरी हाय ना गं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी 'घरी ये' हा विषय काढला नाही.

ते वर्ष कंपनीने पोटाला चिमटा घेऊन काढलं. संचालकांनी माझ्यावर राग काढला, मी तो ऐकून घेतला. पण त्या दारासमोर उभं राहून लोकांनी फोटो काढले होते आणि ते गावोगाव फिरले. आपल्याच मालावर 'पेरू नये' लिहिणारी कंपनी कुणी पाहिली नव्हती. पुढच्या हंगामात कर्नाटकच्या हद्दीतूनही शेतकरी आले. दुकानदारांनी आधी फोन केले. आज आमची तीन गोदामं आहेत, तिन्हींत हमाल रोजाने आहेत आणि तिन्हींत सातावर आठवं पोतं नाही. बँकेचे साहेब पाहणीला येतात तेव्हा विचारतात, एवढी जागा रिकामी का ठेवली. मी त्यांना खुर्ची देते आणि समजावून सांगते.

आक्का गेल्या वर्षी पोळा झाल्यावर गेली. सकाळी विभूती लावून अंगणात बसली होती, तशीच बसल्या जागी गेली. आम्हा लिंगायतांत दहन करत नाहीत. माणसाला बसवून मातीत ठेवतात. फुलांनी सजवलेल्या खुर्चीतून तिला मळ्यात नेलं. खड्डा खोल होता आणि रात्री पाऊस झाल्याने कडा निसरड्या झाल्या होत्या. भावकीतली माणसं पुढे सरसावली, तेव्हा दाजीने हात वर करून त्यांना थांबवलं. गर्दीत मागे रसूलभाई आणि त्याचे तिघं उभे होते.

"तुमी उतरवा," दाजी म्हणाला. "तिचा तुमच्याच हातावर भरवसा होता."

अंत्यविधीला आलेल्या स्वामींनी मान डोलावली. चौघांनी चपला काढल्या. दोघं आत उतरले, दोघं काठावर राहिले. मी आक्काच्या लेकीचा हात घट्ट धरला होता आणि मला रडू आवरत नव्हतं. चौघांनी आधी गुडघे वाकवले, मग खांदे. आक्का मातीला टेकली तेव्हा कसलाही आवाज झाला नाही.