नळात उतरलेली वीज

जनार्दन रेल्वेत वायरमन होता, आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याला विजेचा धक्का एकदाही बसला नव्हता. पायांत रबरी चपला आणि चपलांखाली लाकडी फळी असल्याखेरीज तो तारेला हातच लावीत नसे. झाशीच्या यार्डातले सोबती थट्टा करीत, "जनार्दनजी बिजली से भी पटा बिछाकर मिलते हैं." तोही हसे. पण फळी सोडीत नसे.

त्या ज्येष्ठात त्याची आई अनुसूयाबाई म्हणू लागली, की स्वयंपाकघरातला नळ चावतो.

"चावतो म्हणजे?"

"मुंग्या डसतात हाताला. विजेची शेगडी लावली की हटकून. सोवळ्यात असले की जास्तच."

तिचे सोवळे म्हणजे आंघोळीनंतरचे ओले लुगडे आणि अनवाणी पाय. जनार्दनने तीन दिवस टेस्टर लावून पाहिला. आतला दिवा पेटला नाही. "वयानं हात बधिरतात, आई," असे सांगून त्याने विषय मिटवला. चौथा दिवस रविवारचा होता. तिने भरली कळशी दाणकन खाली ठेवली.

"जनू, तू फळीवर उभा राहून बघतोस आणि मी ओल्या फरशीवर उभी असते. एकदा माझ्या जागी उभा राहा की! की मी मेल्यावर खात्री करून घेणार आहेस?"

चप्पल काढून त्याने एक पाय फरशीवर टेकला आणि टेस्टर नळाला लावला. इवलासा नारिंगी दिवा पेटला. शेगडीचा प्लग उपसताच तो विझला.

शेगडीतून वीज गळत होती, हे उघड झाले. पण शेगडी गळली तरी ती वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत मुरावी, याचसाठी तर प्लगला अर्थिंगची तिसरी तार असते. ती त्यानेच जोडली होती. अंगणात खड्डा घ्यायला गेला तेव्हा दोन हातांवर खडक लागला, म्हणून जमिनीतून येणाऱ्या लोखंडी नळालाच त्याने तार बांधली होती. तसे पुष्कळ जण करीत. मग वीज जमिनीत का जात नव्हती?

"आई, नळापासून दूर हो. देवघरात जाऊन बस."

दोन तारा सोडलेला शंभराचा बल्ब त्याने घेतला. एक टोक सॉकेटच्या जिवंत, म्हणजे वीज असलेल्या भोकात, दुसरे अर्थिंगच्या भोकात. अर्थिंग धड असते तर बल्ब लख्ख पेटला असता. तो पेटलाच नाही.

आणि त्याच क्षणी वरच्या मजल्यावर बादली कोसळली, कुणीतरी किंचाळले.

त्याने तारा ओढून काढल्या, मेन स्विच खाली पाडला आणि जिन्याकडे धावला. चौदा पायऱ्या. त्या चढता चढता त्याला सगळे उमगले. होळीच्या सुमारास घरमालकाने अंगणातला सडका लोखंडी नळ उपसून तिथे प्लास्टिकचा टाकला होता. जनार्दनने ते काम सावलीत उभे राहून पाहिले होते, वर "चला, गळती गेली" असेही म्हटले होते. प्लास्टिकमधून वीज जात नाही. म्हणजे तेव्हापासून त्याची तार जमिनीला नव्हे, दोन्ही मजल्यांच्या नळांना जोडलेली होती. आणि आता बल्बमधून त्याने सोडली ती शेगडीतून झिरपणारी वीज नव्हती, सरळ लाइनची होती. या वेळी वरची बकुळ आपल्या चार महिन्यांच्या मुलाला न्हाऊ घालते.

मोरीच्या दाराशी बकुळ उजवा हात डाव्या हातात धरून भिंतीला टेकून बसली होती. तिची सासू यमुनाबाई तिच्याशेजारी उभी होती.

"बाळ?" एवढेच त्याच्या तोंडून निघाले.

"हे काय, माझ्याकडे. तेल लावत होते. दोन मिनिटांनी दिलंच असतं तिच्या हातात."

बकुळ झाशीतच वाढलेली. तिला मराठी समजे, जिभेवर मात्र हिंदी येई. "भैया, नल ने ऐसा झटका मारा! आप तो बिजलीवाले हैं, देखिए न, क्या हुआ है इसमें?"

शेगडी बिघडली, असे म्हणता आले असते. घरमालकाने नळ बदलला, असेही. दोन्ही खरे होते, आणि त्याच्या शब्दावर त्या घरात कुणी शंका घेतली नसती.

"नळात काही नाही. त्याला तार मी बांधली होती. आणि आत्ताची वीजही मीच सोडली, वर कुणी आहे का ते न विचारता."

यमुनाबाईंनी मूल दुसऱ्या खांद्यावर घेतले, त्याच्यापासून लांबच्या. "सव्वीस वर्षं रेल्वेनं तुला पगार कशाचा दिला रे?"

त्याने मान खाली घातली. "हिला आधी दवाखान्यात दाखवून आणा. तोवर मेन खालीच राहील."

खाली येऊन त्याने पकडीने नळावरची तार तोडली. तेवढ्यात दवाखान्यात निघालेली बकुळ दाराशी थांबली.

"भैया, ऐसा तार और कहाँ-कहाँ बाँधा है आपने?"

तो बोटांवर मोजू लागला. प्रेम नगरात पाच. बिजौलीत एक, तिथे म्हातारे जोडपे. चिरगाँवला मावसबहिणीकडे, तिची मुले लहान. कुणाकुणाचा नळ एव्हाना बदलला असेल, हे त्याला ठाऊक नव्हते. साडेनऊ वाजले होते, आणि रविवारी आंघोळी उशिरापर्यंत चालतात.

पकड खिशात कोंबून त्याने सायकल बाहेर काढली.