दर दोन महिन्यांनी अकरा किलो

शीतगृहात त्यांना सगळे थंडमामा म्हणत. माणूस मात्र भलताच तापट. सव्वीस वर्षं त्यांनी एका म्हाताऱ्या कूलिंग मशीनची मर्जी सांभाळली. माझी एवढी कधी सांभाळली नाही, असं मामीच म्हणत. मशीन कधी बंद पडलं नाही, हा मामांचा तोरा. गेजचा काटा खाली आला, की सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून ते अकरा किलो गॅस आत सोडत. याला ते टॉप-अप म्हणत. गळती म्हणजे फुसफुस आवाज नि तेलाचे डाग, बाकी सगळं मशीनचं खाणंपिणं, असं ते सांगत.

त्यांच्या बहिणीची मुलगी तिथेच ऑफिसात होती. गेल्या वर्षी, शीतगृहामुळे हवेत किती कार्बन जातो त्याचा तक्ता भरताना तिने विचारलं, मशीन गळतं का? मामांनी छातीठोकपणे नाही म्हटलं. तिने शून्य लिहून सही केली.

यंदा गेटवरच्या वहीत तिला रिकाम्या सिलिंडरांची नोंद सापडली. वर्षाला सहासष्ट किलो. ती तडक मशीनरूममध्ये आली. विजेचा धूर दुसरीकडे कुठेतरी निघतो, म्हणून तो अप्रत्यक्ष, तिने समजावलं. पण आपल्या ट्रकांचं डिझेल आणि हा गॅस आपल्याच हातून हवेत जातो, म्हणजे प्रत्यक्ष. आणि या गॅसच्या एका किलोचा ताप जवळपास चार टन कार्बन डायऑक्साइडइतका. वर्षभर पळणारे सगळे ट्रक यापुढे किरकोळ होते.

मॅनेजरने पळवाट काढली. गॅस विकत घेतलेला माल म्हणून अप्रत्यक्षच्या रकान्यात ढकलायचा, आणि मामांनी एवढंच सांगायचं, की सिलिंडर राखीव ठेवलेत. गळती दिसली तर मशीन भंगारात जाईल, नव्या मशीनबरोबर ते बनवणाऱ्या कंपनीचेच मेकॅनिक येतील, हेही त्याने गोड आवाजात ऐकवलं. मामांना निवृत्तीला दोन वर्षं होती.

"लिही ना तिकडे," ते भाचीला म्हणाले. "काय बिघडतं?"

"मामा, खाली सही माझी असते."

ज्या पोरीला खांद्यावर घेऊन फिरवलं, तिच्याकडे बघायची त्यांना भीती वाटू लागली.

तक्त्याच्या पडताळणीला बाहेरून आलेल्या बाई हळू बोलत, पण प्रश्न सोडत नसत. मशीनरूममध्ये उभ्या राहून त्यांनी सिलिंडर कुठे आहेत असं विचारलं. राखीव आहेत, मॅनेजर म्हणाला. मग दाखवा, बाई म्हणाल्या. मॅनेजरने मामांकडे पाहिलं. भाची जमिनीकडे बघत होती.

"संपले," मामा म्हणाले. "याच पाइपातून गेले. पोरीला मी खोटं सांगितलं."

गळती नेमकी कुठे आहे ते ठाऊक आहे का, असं बाईंनी विचारलं. मामांनी मागचा एक वाल्व्ह दाखवला. कधीपासून? नऊ वर्षं. दुरुस्तीला किती वेळ लागेल? दोन दिवस, मशीन बंद ठेवून.

भाचीने मान वर केली. "मग नऊ वर्षं का नाही केली, मामा?"

मामांनी वाल्व्हवरून हात फिरवला.

"मशीन ठणठणीत असतं," ते म्हणाले, "तर मला कोणी विचारलं असतं का?"