दिशाचं डाळिंब

सिपोरा गालसुरकर यांना श्रीरामपुरात सगळे ‘चित्रकलेच्या बाई’ म्हणूनच ओळखतात. नाव ऐकून निम्मे लोक त्यांना ख्रिश्चन समजतात, आणि आडनाव ऐकून उरलेले म्हणतात, कोकणातल्या दिसतात. बाई आहेत बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. वडील रेल्वेत होते, बदलीवर आले आणि इथलेच झाले. भाऊ इस्राएलला गेला, वडील वारले. आता गावात ज्यूंचं घर एकच आणि त्या घरात माणूसही एकच. शनिवार हा त्यांच्या विसाव्याचा दिवस. त्या दिवशी बाई शाळेत येतात, पण खडूला हात लावत नाहीत, मुलांशी चित्रांबद्दल नुसत्या बोलतात. तीन मुख्याध्यापकांनी हुज्जत घालून पाहिली आणि तिघांनीही नाद सोडला.

बाईंचं खरं काम घरी चालतं. ठाण्या-पुण्याकडे समाजात लग्न ठरलं की केतुबा त्यांच्याकडे येतो. केतुबा म्हणजे लग्नाचा करारनामा. हिब्रूत लिहायचा, लग्नात मोठ्याने वाचायचा आणि मग जन्मभर जपायचा. मजकुराभोवती बाई डाळिंबांची किनार काढत. डाळिंबात देवाच्या आज्ञांइतके दाणे असतात, सहाशे तेरा, असं वडील सांगायचे. म्हणून बाई एकेका केतुब्यावर मोजून तेवढे दाणे रंगवत. फळं गोल गरगरीत, तुरा जागच्या जागी, आणि सगळं निर्जीव. ते त्यांचं त्यांनाच कळत होतं आणि जिवाला लागत होतं.

अशात नववीच्या वर्गात दिशा आली. घर शिंगणापूरजवळ, शिकायला मामाकडे राहिलेली. बाईंनी किनार काढायला सांगितली तेव्हा या मुलीने झाडावरच उकललेलं एक डाळिंब काढलं. अर्धं रिकामं. त्यातले दाणे सांडून कागदाच्या चारही कडांनी घरंगळत निघालेले, लहान लहान होत गेलेले, आणि शेवटचे चार मुंग्यांनी पळवलेले. बाईंना हेवा वाटला. आपण वीस वर्षं जे शोधतोय ते या पोरीने एका तासात काढलं, याचा रागही आला. त्यांनी लाल पेनाने लिहिलं, ‘तोल नाही. दहापैकी सहा.’ वर भर वर्गात म्हणाल्या, “नक्षीला शिस्त लागते. तुझा हात सैल आहे.”

कागद मात्र परत दिला नाही. तीन महिन्यांनी पुण्याच्या एका लग्नाचा केतुबा आला आणि बाईंनी त्यावर तेच डाळिंब काढलं. सिनेगॉगमध्ये लोक पाहायला दाटीवाटीने उभे राहिले. समाजाच्या मासिकात फोटो आला, खाली ‘सिपोराबाईंची नवी शैली’. तेव्हापासून प्रत्येकाला तेच हवं. दिशाने पुन्हा चित्रकलेच्या परीक्षेचा फॉर्म भरला नाही, दहावी करून ती गावी परत गेली.

बेने इस्राएलांचा किप्पूरचा उपवास असतो, त्याला जुनी माणसं दारफाळणीचा सण म्हणतात. संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत दार लावून, पांढरे कपडे घालून, पाण्याचा घोटही न घेता देवाकडे माफी मागायची. पण माणसाचा केलेला अपराध देव माफ करत नाही. त्यासाठी त्या माणसाच्या दारात जावं लागतं, तेही उपवासाच्या आधी. बाईंनी दोन वर्षं टाळाटाळ केली. एकदा म्हणे पोरीचं दहावीचं वर्ष आहे, एकदा म्हणे गुडघा दुखतोय. यंदा मात्र उपवास सुरू व्हायच्या दिवशी सकाळीच त्यांनी तो कागद पिशवीत घातला आणि मुकाट्याने एसटी पकडली.

त्या भागातल्या रीतीप्रमाणे दिशाच्या घराला दार नव्हतं, नुसता पडदा होता. कुठे वाजवावं हे न कळून बाई बाहेर घोटाळत राहिल्या, तेव्हा दिशाची आई सुरेखा हिनेच त्यांना आत बोलावलं. पाण्याचा तांब्या तसाच ठेवून बाईंनी मायलेकींना सगळं सांगितलं. मासिकही दाखवलं.

दिशा आता बारावीला होती. तिने मासिकाकडे पाहिलंही नाही. आपला जुना कागद मांडीवर घेऊन त्यातल्या मुंग्यांवरून बोट फिरवलं.

“हे चांगलं हाय की, मॅडम.”

“फार चांगलं आहे.”

“त्या दिवशीबी चांगलंच वाटलं हुतं तुमाला?”

“हो.”

“मग सहा का दिले?”

चोरीची कबुली बाई वाटेत शंभर वेळा घोकत आल्या होत्या. या प्रश्नाची तयारी नव्हती.

“मला खरंच वाटलं, आपला हात सैल हाय,” दिशा म्हणाली. “मी रंगपेटी मामाच्या पोरीला देऊन टाकली.”

“जाऊ दे गं,” सुरेखा मधे पडली. “बाई एवढ्या लांबून आल्यात. माफ केलं म्हन. त्यांची गाडी जाईल.”

“माफ केलं, मॅडम,” दिशा म्हणाली. हजेरीला ‘हजर’ म्हणतात तशी.

बाईंचे डोळे भरून आले. “मी तुझी शिक्षिका होते म्हणून म्हणू नकोस. मनात असेल तरच म्हण.”

दिशाने कागदाची घडी केली. “मनात न्हाई अजून. पुढच्या वर्षी या.”

सुरेखा तिच्यावर ओरडली. बाईंनी तिला थांबवलं आणि चपला घातल्या. मनातलं तोंडावर बोलायला या मुलीला आपण शिकवलं नाही, आपण तर वर्गात उभं राहून तिच्याशी खोटं बोललो, एवढंच त्यांच्या मनात होतं. सूर्य मावळायच्या आत घरी पोचून त्यांनी दार लावलं. दरवर्षीची पापांच्या कबुलीची प्रार्थना तोंडपाठ होती, पण यंदा ‘आम्ही खोटं बोललो’ या शब्दांपाशी त्या थांबल्या आणि पुढे जाऊ शकल्या नाहीत.